खळीचे पंख

"पंख खाल्ला," तात्याबा म्हणाला.

वीरभद्रप्पाने सायकल बाभळीला टेकवली. "कुणी?"

"आमच्या चंद्रीनं. आन् तिचं बघून बाकीच्यांनी बी तोंड घातलं."

चंद्री म्हणजे तात्याबा धनगराची शेळी. ती कुडाजवळ उभी राहून शांतपणे रवंथ करत होती आणि तिच्या तोंडातून मांजरपाटाची एक पांढरी चिंधी लोंबत होती. छपरीखाली विमान उभं होतं. त्याच्या डाव्या पंखाचं कापड निम्म्याहून जास्त गेलं होतं आणि आतल्या कळकाच्या कामट्या दुष्काळातल्या बैलाच्या बरगड्यांसारख्या उघड्या पडल्या होत्या.

"अप्पा, तुमी म्हनाल ती शिक्षा," तात्याबा म्हणाला. "पर येक सांगा. तुमी त्या कापडाला लावलं काय हुतं? कोरड्या कापडाला शेळी सहसा तोंड लावत न्हाय."

"खळ लावली हुती. चिंचोक्याची."

तात्याबाने कपाळाला हात लावला. "घोंगडीला लावतो ती? आरं द्येवा. आमी घोंगडी वाळत घातली तर म्हातारीला काठी घिऊन राखनीला बसवतो. तुमी आख्खं इमान खळीत भिजवून शेळ्यांच्या शेजारी बांधलं व्हय?"

वीरभद्रप्पाने पंखाकडे बघितलं आणि त्याला हसू फुटलं. हसता हसता तो चाकाशी खालीच बसला. तात्याबाही हसला, पण जपून, कारण शेळी त्याची होती.

चूक खरं तर सोलापूरची होती. त्या गावात कापड ताठ करायचं म्हटलं की खळच सुचते. मागावर चढायच्या आधी सूत खळ पितं, धनगराची घोंगडी खळ पिते, बाजारात जाणारं धोतर खळ पितं. वीरभद्रप्पा गिरणीत फिटर होता आणि भवानी पेठेत राहत होता. त्याच्या घराच्या दोन्ही बाजूंना माग होते आणि समोरच्या बोळात सकाळ-संध्याकाळ खळीची भांडी उकळत. पंखाचं कापड ढोलासारखं ताणलेलं हवं हे त्याला उमगलं, तेव्हा त्याचा हात आपोआप चिंचोक्यांकडे गेला.

विमानाचं वेड त्याला लागलं तेही कापडामुळेच. आठ-नऊ वर्षांपूर्वी कुठल्याशा साहेबाचं विमान बिघडून होटगीच्या वाटेवरच्या माळावर उतरलं होतं. ते ढकलायला गिरणीतली पाच-पन्नास माणसं नेली होती, त्यांत हाही होता. ढकलताना त्याने पंखाला हात लावला. त्याला वाटलं होतं पत्रा असेल. ते कापड होतं. रात्री घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, "निंगव्वा, ते कापडावर उडतंय. आन् सोलापुरात कापडाला काय तोटा?"

निंगव्वा भाकरी थापत होती. "कापड हाय म्हनून उडतं? मी रोज लुगडं वाळत घालते, मला कदी उचललं न्हाय ते."

पण पुढच्या रविवारी त्याने कामट्यांची जी पहिली चौकट बांधली तिच्यावर कापड शिवलं ते तिनेच. दुसऱ्या कुणाची शिवण त्याला पसंत पडेना, आणि त्याने दुसऱ्या कुणाला विचारलेलं तिला आवडलं नसतं. तेव्हापासून त्यांचे सगळे रविवार विमानाचे झाले. जुन्या बाजारातून सायकलींच्या तारा आल्या, एका मोडीत काढलेल्या मोटारसायकलीचं इंजिन आलं. पुढचा फिरता पंखा त्याने शिसवी लाकडातून स्वतः तासला. घरात विमान मावेना तेव्हा तात्याबाने माळावरच्या आपल्या वस्तीजवळ छपरी घालू दिली. तारा ओढल्यावर शेपूट कुठे वळतं हे बघायला वीरभद्रप्पा मागे उभा राही आणि दांडा हलवायला निंगव्वाला बसवी. "डावीकडं. आता उजवीकडं. हळू, हळू. आता वर." ती दांडा हलवायची आणि तोंडाने त्याचा उद्धार करायची. असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

शेळ्यांनी पंख खाल्ला त्या संध्याकाळी वीरभद्रप्पा आणि मागाहून वस्तीवर आलेली निंगव्वा पायी परत येत होती, सायकल हातात धरून. वाटेत एका विहिरीवर मोट चालू होती. वीरभद्रप्पा थांबला. मोटेचं कातडं वर्षभर पाण्यात बुडत होतं, उन्हात वाळत होतं आणि तरी तडकलं नव्हतं.

"हिला काय लावता हो?" त्याने मोटकऱ्याला विचारलं.

"रोगान. करडईचं त्याल कढवायचं, लई कढवायचं, मग चोपडायचं. का?"

"शेळी खाते का ते?"

मोटकऱ्याने निंगव्वाकडे बघितलं. निंगव्वाने हात हलवून सांगितलं की हे असंच आहे, मनावर घेऊ नका.

मार्गशीर्षात नवे पंख शिवून झाले आणि रोगण चढवून झालं. घराला महिनाभर असा वास सुटला की शेजारच्या रत्नम्माने दार लावून घेतलं. कापड मात्र छान ताणलं. बोटाने टिचकी मारली तर डफासारखं वाजायचं. दवाने सैल पडेना. चंद्रीने हुंगलं, शिंकली आणि मागे फिरली. वीरभद्रप्पाने तिला एक पेंढी चारा घातला.

पण विमान उठेना.

इंजिन फटफट करी, विमान माळावरून पळे, शेपूट वर येई, चाकं जमिनीवर नुसती टेकल्यासारखी धावत आणि मग ओढ्याचा काठ जवळ येई. वीरभद्रप्पा खटका बंद करी. चार रविवार हेच झालं. खळीपेक्षा रोगण जड, हे त्याला उचलतानाच कळलं होतं. त्याने बसायची फळी काढून सुतळीची वीण केली, लोखंडी खिळ्यांच्या जागी दोऱ्याने बांधलं, चाकांचे अर्धे आरे काढले. आता विमानात काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"आता जड तुमीच हाय," तात्याबा म्हणाला.

ते खरं होतं. वीरभद्रप्पा रुंद खांद्याचा, मजबूत हाडापेराचा गडी. तरुणपणापासून त्याने सिद्धरामेश्वराच्या यात्रेतली उंच काठी पेललेली होती.

तात्याबाची बायको केराबाई भाकरीवर मिरचीचा ठेचा घालत होती. तात्याबा घास घेत सहज बोलला, "वैनीस्नी बसवा की. चिमनीगत तर हायत. वाऱ्यानं बी उडतील, इंजिन कशाला पायजे?"

केराबाई हसली. वीरभद्रप्पाही हसला. मग त्याच्या लक्षात आलं की निंगव्वा हसली नाही. ती विमानाकडे बघत होती.

"बॅडा," तो कानडीत म्हणाला. नको.

"मी काय बोलले?" ती म्हणाली.

त्या दिवसापासून त्याने एकच भाकरी खायला सुरुवात केली. सोमवार तो आधीपासून धरायचा, आता गुरुवारही धरला. निंगव्वाने आधी दुर्लक्ष केलं. मग एका सकाळी तो गिरणीचा भोंगा झाल्यावर उठला आणि भिंतीला धरून उभा राहिला, तेव्हा तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि समोर बसली.

"एन्री," ती म्हणाली. नवऱ्याला ती अशीच हाक मारायची. "मानूस बारीक करून इमान हलकं करायचं, हे कुटल्या सायबानं सांगितलं?"

"थोडंच राहिलंय. चाकं उचलल्यासारखी वाटतात आता."

"तुमची चाकं उचलाया लागलीत. जेवा."

"निंगव्वा, ते मोडलं तर?"

"मोडलं तर तुमी बसल्यावर बी मोडंल की."

"मी मेलो तर गोष्ट येगळी."

"कशी येगळी?" तिने विचारलं. त्याने भाकरीचा तुकडा मोडून ताटात ठेवला. ती पुढे म्हणाली, "त्या पंखाची येक येक शिवन माझी हाय. कुटली घट्ट हाय आन् कुटली मी कंटाळून घातलीय ते तुमाला ठाव न्हाय, मला हाय. दांडा तुमच्यापरास मी जास्त हलवलाय. आन् भ्या वाटतं का म्हनाल तर लई वाटतं. आता भाकरी खावा."

त्याने भाकरी खाल्ली, पण हो म्हणाला नाही.

नऊ वर्षं त्याने रोज झोपताना एकच चित्र बघितलं होतं. त्यात तो दांडा धरून बसलेला असायचा आणि खाली माळ लहान होत जायचा. त्या चित्रात दुसरं कुणी बसलेलं त्याला बघवेना. बायकोच्या जिवाची काळजी खरी होती. पण त्या काळजीच्या आड हेही होतं, आणि ते त्याचं त्याला माहीत होतं.

संक्रांत आली. सोलापुरात संक्रांतीला सिद्धरामेश्वराच्या काठ्या निघतात. काठी म्हणजे उंच नंदीध्वज, शेंड्याला सजवलेला, घराच्या माळवदांच्याही वर जाणारा. पांढऱ्या बाराबंदीतल्या एकट्या माणसाने तो कमरेशी पेलून गर्दीतून चालायचा. पेलणारा पायाकडे बघत नाही, गर्दीकडे बघत नाही. नजर शेंड्यावर. शेंडा कलायला लागला की अंग आपोआप त्या बाजूला जातं. विमानाचा दांडा कसा धरायचा हे वीरभद्रप्पा निंगव्वाला सांगताना दुसरे शब्द त्याच्याकडे नव्हतेच. "पुढच्या टोकावर नजर ठेव," तो म्हणायचा, "काठीगत."

या वर्षी तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र," गर्दीतून गजर उठत होता. मल्लप्पाच्या हातात काठी होती. याच मल्लप्पाला वीरभद्रप्पाने सहा वर्षांपूर्वी आपली काठी दिली होती, कायमची. वडिलांनी शिकवलं होतं की पाय थरथर कापायला लागण्याआधी काठी द्यायची. कापल्यावर देतो तो शेंडा कुणाच्या तरी डोक्यात घालतो. घेणारा शेजारून चालत येतो, खांद्याला खांदा लागतो आणि काठी चालत्या पायांनीच एकाच्या कमरेवरून दुसऱ्याच्या कमरेवर जाते. ती टेकवायची नसते. कुणी कुणाशी बोलायचंही नसतं.

मल्लप्पाने आता ती पुढच्या गड्याला दिली. कपाळाचा घाम पुसत तो कडेला आला तेव्हा त्याला वीरभद्रप्पा दिसला.

"काय फिटर, उडाला का?"

"न्हाय अजून."

"मग काठी सोडली कशाला रे? ना काठी, ना इमान." मल्लप्पा हसून पुढे गेला. त्याच्या बोलण्यात विष नव्हतं. पेठेतली माणसं अशीच बोलायची.

वीरभद्रप्पा काठी नजरेआड होईपर्यंत उभा होता.

यात्रेनंतरच्या रविवारी माळावर वारा पडला होता. तात्याबा दोन दिवसांत मेंढरं घेऊन भीमेच्या काठाला जाणार होता, आणि एकदा तो गेला की छपरी राखायला कुणी उरणार नव्हतं. पुढच्या हिवाळ्यापर्यंत इंजिन टिकेल अशी आशा नव्हती. त्याचा आवाज आताच फुटक्या ढोलासारखा येत होता. काय व्हायचं ते आज व्हायचं होतं.

तो आधी स्वतः बसला. पागोटं काढून त्याने केराबाईजवळ दिलं, पायताण काढलं. तात्याबाने पुढचा पंखा फिरवला. इंजिन धडधडलं. विमान पळालं, शेपूट उचललं, आणि एक क्षण असा आला की खालचा खडखडाट थांबला. लगेच चाकं पुन्हा टेकली. ओढा समोर आला. इंजिन पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नव्हता, म्हणून त्याने खटका बंद न करता ते नुसतं मंद केलं.

तात्याबाने शेपटाला धरून विमान वळवलं आणि ढकलत परत आणलं. छपरीपाशी आल्यावर तो उतरू लागला आणि त्याच्या लक्षात आलं की त्याचा उजवा पाय कापतो आहे. थोडासाच. दुसऱ्या कुणाला दिसला नसता.

त्याने डोळे वर केले. केराबाई निंगव्वाच्या इरकली लुगड्याचा कासोटा घालून देत होती, धनगरणी घालतात तसा, घट्ट.

"असं," केराबाई म्हणाली. "आता वाऱ्यात काय बी फडफडणार न्हाय. अक्का, मंगळसूत्र आत सारा."

निंगव्वा त्याच्याकडे न बघता चालत आली. तो उतरून शेजारी उभा राहिला आणि दांड्यावरचा हात त्याने काढला नाही. तिने शेजारून आपला हात दांड्यावर ठेवला. खांद्याला खांदा लागला. मग त्याने हात काढून घेतला आणि ती सुतळीच्या विणीवर बसली.

इंजिन बंद नव्हतं केलेलं. ते तसंच कुथत होतं.

"खटका कुटं?" त्याने विचारलं.

"हितं. डाव्या हाताला. मीच बांधलाय की."

"ओढ्याच्या पलीकडं बाजरीची कापलेली रानं हायत. तितं उतर."

"व्हय."

"नजर टोकावर."

"एन्री, सरका."

तो सरकला. तात्याबा देवाचं नाव घेत बाजूला झाला. विमान सुटलं.

वीरभद्रप्पा त्याच्या शेजारून पळाला. इतका जड माणूस इतका पळू शकतो हे तात्याबाला आजवर माहीत नव्हतं. शेपूट उचललं. चाकांचा खडखडाट चालू होता. मग खडखडाट थांबला, आणि थांबलेलाच राहिला. चाकं फिरत होती पण त्यांच्याखाली ऊन दिसत होतं. आधी हातभर. मग पुरुषभर. ओढ्याकाठच्या बाभळींवर बसलेले बगळे उडाले, आणि विमान त्यांच्या शेंड्यावरून, डावीकडे थोडं कलून, पुन्हा सावरून पलीकडे गेलं. त्या कलण्याबरोबर इकडे वीरभद्रप्पाचं अंग आपोआप डावीकडे झुकलं होतं.

पलीकडून मोठा आवाज आला. इंजिन गप्प झालं.

तात्याबा आणि केराबाई ओढा उतरून धावत गेली. वीरभद्रप्पा होता तिथेच थांबला. बाभळींच्या पलीकडून केराबाईची हाक आली, "बऱ्या हायत. काय न्हाय झालं. चाक मोडलं निस्तं." तेव्हा तो चालायला लागला. पण ओढ्याकडे जाता जाता तो थांबला.

माळावरच्या मऊ मातीत चाकांच्या दोन रेघा पडल्या होत्या. छपरीपासून सरळ येत होत्या, पुढे पुढे फिकट होत होत्या, आणि एका तरवडाच्या झुडपाजवळ संपत होत्या. पुढे माती तशीच होती. कोरी.

निंगव्वा ओढा चढून आली तेव्हा तो तिथेच उभा होता. तिचे केस सुटले होते, कपाळावर खरचटलं होतं, तोंडावर तेलाचे शिंतोडे होते आणि हातांत मोडक्या चाकाची कड अन् केराबाईने दिलेलं त्याचं पागोटं होतं.

"हितं काय करताय? तिकडं चला की. इंजिनाला चीर गेलीय. उभी, वरपासनं खालपर्यंत."

"बीड हाय ते, ओतीव लोखंड," तो म्हणाला. "जोडत न्हाय."

"मग?"

त्याने जमिनीकडे बोट केलं. तिने रेघा बघितल्या, आणि त्या जिथे संपल्या तिथे ती खाली वाकली.

"हितनं?"

"हितनं."

तिने रेघेच्या टोकावर बोट टेकवलं.

"वरनं काय दिसलं?" त्याने विचारलं.

"नजर टोकावर ठेव म्हनालात. मग काय दिसनार?" मग ती जराशी हसली. "येकदा खाली बघितलं. तुमी दिसलात. पागोटं न घालता पळत हुता. मला वाटलं, अगं बाई, हे मानूस लई म्हातारं झालं."

तो मोठ्याने हसला. खरचटलेल्या जागेवर त्याने बोट ठेवून बघितलं. तिने ते झिडकारलं नाही.

"पंखाची कुटली शिवन उसवली का?"

"न्हाय. कंटाळून घातलेली बी न्हाय."

वस्तीवर परतलेल्या केराबाईने कुडाची ताटी काढली, तात्याबाने पलीकडून शीळ घातली, आणि सकाळपासून कोंडलेली शेळ्या-मेंढरं कुडातून बाहेर पडली. चंद्री पुढे होती. नेहमीच्या वाटेने सगळा कळप ओढ्यावर पाण्याला निघाला. वाट रेघांवरूनच जात होती.

"अप्पा, वळवू का त्यास्नी?" तात्याबाने पलीकडून विचारलं.

"नको. तहानलेली असतील."

त्याने निंगव्वाच्या हातातली चाकाची कड घेतली आणि कळपाला वाट देण्यासाठी दोघं तरवडाच्या बाजूला झाली. खुरांखालून धूळ उठली. शेवटचं लंगडं कोकरू जाईपर्यंत ती दोघं तिथेच उभी होती. मग त्याने तिच्याकडचं पागोटं घेऊन बांधलं आणि पंख उचलून आणायला दोघं ओढ्यात उतरली.